लाँगबोर्डची फिन: कोणती, केवढी आणि बॉक्समध्ये नेमकी कुठे

ठाणे-नवी मुंबईत लाँगबोर्ड, म्हणजे नऊ फुटांच्या आसपासचा लांब सर्फबोर्ड, चालवणाऱ्यांच्या तक्रारी मुख्यतः दोन. एक, बोर्ड वळतच नाही, बैलगाडीसारखा सरळ जातो. दोन, पुढे दोन पावलं टाकली की शेपूट सटकते आणि माणूस पाण्यात. दोन्हींवर मिळणारा सल्ला मात्र एकच: नवी फिन, म्हणजे शेपटीखालचं पंखासारखं पातं, घ्या. खरं तर आहे तीच फिन बॉक्समध्ये, म्हणजे बोर्डच्या तळातल्या तिच्या खाचेत, अर्धा इंच पुढे-मागे केली तर यातलं बरंचसं सुटतं, तेही फुकटात. म्हणून या लेखात फिनची निवड आहेच, पण ती सरकवायची कशी यालाही तेवढीच जागा दिली आहे.

आपल्याकडची लाट

तलावपाळीवर बोटी चालतात, लाटा नाहीत. ठाणे खाडीत भरतीचं पाणी चढतं-उतरतं, पण तिथे चिखल आणि कांदळवन. फिन लावून तिथे जाण्यात अर्थ नाही. ठाणेकर घोडबंदर रोडने वर्सोवे पूल ओलांडून नालासोपाऱ्याच्या पुढे राजोडीला जातात. नवी मुंबईकर पनवेल-पेण-वडखळमार्गे आक्षी-नागावकडे. दोन्हीकडे वाळूचा किनारा सपाट आहे आणि चांगल्या दिवशी लाट गुडघ्यापासून कमरेपर्यंत, मऊ, दुरून हळूहळू फुटत येणारी. लाँगबोर्डला हीच लाट मानवते.

फिनच्या दृष्टीने यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली: पाणी उथळ असतं आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे दुपारी छातीभर असलेल्या जागी संध्याकाळी पोटरीभर पाणी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हे सांभाळायचं. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, फरक कमी असतो. दुसरी: पहाटे मतलई वारा असतो तोवर लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो, दुपारी खारे वारे सुटले की पाणी खडबडीत होतं आणि तीच फिन वेगळी वागल्यासारखी वाटते. तिसरी गोष्ट परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही: आपल्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या, दोर आणि जाळ्यांचे तुकडे असतात आणि ते फिनला अडकतात.

जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचंच नाही. ते चार महिने बॉक्स दुरुस्त करायचे, फिन घासायची आणि स्क्रू बदलायचे.

बोर्ड उलटा करून तळ बघा

फिन विकत घेण्याआधी बोर्डच्या शेपटीकडच्या तळाला काय बसवलं आहे ते पाहा. शक्यता तीन.

मधोमध एकच लांब खाच असेल तर तो सिंगल फिनचा बोर्ड. ही खाच म्हणजे ‘यूएस बॉक्स’. लाँगबोर्डवर तो बहुधा साडेदहा इंच लांबीचा असतो, काही बोर्डांवर त्याहून आखूड. खाचेच्या मध्यावर एक रुंद तोंड असतं आणि दोन्ही बाजूंना आतल्या अंगाने ओठासारखी कड. स्क्रूची प्लेट त्या कडेखाली सरकते.

मधली लांब खाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना, जरा पुढे, छोट्या फिनसाठी जागा: हा ‘टू प्लस वन’. नवा लाँगबोर्ड घेणार असाल तर शक्यतो असाच घ्या. बाजूच्या फिन काढून ठेवल्या की तो सिंगल फिन होतो. सिंगल फिनच्या बोर्डला नंतर बाजूचे बॉक्स बसवायचे म्हणजे तळ कापावा लागतो.

बाजूच्या जागा कोणत्या कंपनीच्या पद्धतीच्या आहेत हे ओळखणं गरजेचं आहे. प्रत्येक फिनसाठी दोन सुटे छोटे प्लग आणि त्यात तिरके स्क्रू असतील तर जुनं एफसीएस. एकच लांबट जागा, आत दोन खड्डे आणि फिन दाबली की खटकन बसते, तर एफसीएस-२. एकच सलग खाच आणि पुढच्या टोकाला एक स्क्रू असेल तर फ्युचर्स. जुन्या एफसीएसची फिन योग्य तुकडे लावून एफसीएस-२ मध्ये बसते. फ्युचर्सची फिन एफसीएसमध्ये बसत नाही आणि उलटही नाही. दोन्हींच्या स्क्रूला ३/३२ इंचाची अॅलन की लागते. आपल्याकडच्या मिलिमीटरच्या संचातली अडीचची की त्यात जात नाही, दोनची सैल राहते आणि दोन-चार वेळा वापरली की स्क्रूचं डोकं गोल होतं. इंचाची घ्या.

तिसरी शक्यता फोमच्या बोर्डची. त्यात प्लास्टिकची फिन खाली आणि वरच्या बाजूने नाण्याने फिरतील असे मोठे बोल्ट. त्या बोर्डवर फिन सरकत नाही; बोल्टची भोकं जिथे, तिथेच ती. शिकण्यासाठी तेवढं पुरे, आणि अशा बोर्डसाठी महागड्या फिनचा विचारही करू नये.

फिन हातात घेतल्यावर

दुकानात फिनचे रंग पाहून हात पुढे जातो. रंग सोडून या गोष्टी बघा.

उंची, म्हणजे बोर्डच्या तळापासून टोकापर्यंत. फिनवर छापलेला आकडा बहुतेक वेळा हाच. उंच फिन पाण्यात खोल जाते, घट्ट धरते आणि वळायला जास्त जोर मागते.

बुडाची लांबी. बूड लांब असेल तर शेपटीवर जोर दिल्यावर बोर्ड पुढे झेपावतो. बूड आखूड असेल तर तो जागच्या जागी फिरतो.

कल, म्हणजे फिन मागे किती झुकली आहे. हा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. सरळ उभी फिन, टोकाशी रुंद, तिला ‘पिव्हट’ म्हणतात. ती जागेवर गर्रकन फिरते आणि नाकावर, म्हणजे बोर्डच्या पुढच्या टोकावर, उभं राहिल्यावर शेपूट धरून ठेवते. मागे झुकलेली, डॉल्फिनच्या पंखासारखी फिन लांब, सलग वळणं घेते. या दुसऱ्या आकाराचं श्रेय बऱ्याच अंशी १९६० च्या दशकातल्या जॉर्ज ग्रीनो यांना जातं; माशांच्या शेपटी-पंखांकडे पाहून त्यांनी लवचीक फिन घडवल्या. त्याआधी, १९३५ मध्ये, टॉम ब्लेक यांनी एका स्पीडबोटीच्या तळाचा कणा काढून बोर्डला ठोकला, तिथून फिनची गोष्ट सुरू होते. तोवर सर्फर पाण्यात पाय घासून बोर्ड वळवत असत!

लवचीकपणा. बूड डाव्या हातात घट्ट धरा आणि उजव्या अंगठ्याने टोक बाजूला ढकला. पिव्हट फिन जवळजवळ हलत नाही. झुकलेल्या चांगल्या फायबरग्लास फिनचं वरचं एक तृतीयांश लवतं आणि अंगठा काढताच झटक्यात जागेवर येतं. हळूहळू, आळसावून परत आली तर ते प्लास्टिक. वळणातून बाहेर पडताना ते काहीच परत देत नाही. पूर्ण फिन बुडापासून वाकत असेल तर ती मऊ आहे, परत ठेवा.

आणि काठ. पुढची कड गोलसर, मागची कड पातळ हवी. मधली फिन दोन्ही अंगांनी सारखी फुगीर असते. बाजूच्या फिन आतून सपाट, बाहेरून फुगीर. मधल्या फिनवर बोट वरपासून खाली फिरवा. एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला सपाटी लागली तर ती नीट घासलेली नाही, ती पाण्यात गुणगुणणार.

किती इंचाची

सिंगल फिनसाठी जुना हिशेब अजून चालतो: बोर्ड जितके फूट, फिन तितके इंच. ९ फुटी बोर्डला ९ इंच, ९ फूट ६ इंचांच्या बोर्डला साडेनऊ. हा मध्य. वजनाप्रमाणे त्याच्या अलीकडे-पलीकडे जायचं. ५५ किलोच्या आत वजन असेल तर अर्धा ते एक इंच कमी, ८० किलोच्या वर असेल तर अर्धा इंच जास्त. बोर्डची शेपूट रुंद, चौकोनी असेल तर मोठी फिन चालते. शेपूट निमुळती, टोकदार असेल तर ती स्वतःच पाण्यात रुतते, अर्धा इंच कमी घ्या.

टू प्लस वनसाठी मधली फिन साडेसहा ते आठ इंच आणि बाजूच्या साडेतीन ते साडेचार इंच. इथे हमखास होणारी चूक म्हणजे साडेनऊची मधली फिन तशीच ठेवून बाजूलाही दोन लावणे. बोर्ड रुळावर बसवल्यासारखा होतो. बाजूच्या लावायच्या असतील तर मधली लहान करावीच लागते. उलट, सात इंचाची मधली फिन एकटी लावून निघालात तर मऊ लाटेवर शेपूट सुटते.

तीन सारख्या मापाच्या फिनची रचना शॉर्टबोर्डची. ९ फुटी बोर्डवर ती चालवणारे आहेत, पण कमरेएवढ्या लाटेवर तिचा उपयोग नाही.

पहिली फिन

आपल्या किनाऱ्यांसाठी एकच फिन घ्यायची असेल तर ९ ते साडेनऊ इंच, मध्यम कल, टोकाकडे निमुळती, फायबरग्लासची. पूर्ण उभी पिव्हट पहिली म्हणून घेऊ नका. दोन कारणं. नाकावर चालत जाण्याआधी शेपटीवरून वळता यायला हवं, आणि ते झुकलेल्या फिनवर लवकर जमतं. दुसरं कारण पिशवीचं. मध्यम कल असला की फिनला लागलेली पिशवी किंवा दोर बहुधा मागे घसरून निघून जातो; उभ्या फिनच्या पुढच्या कडेला तो चिकटून राहतो. लाट पकडलेली असताना बोर्डला अचानक ब्रेक लागल्यासारखं वाटलं, पाय पुढे घसरले, तर फिनला दोष देण्याआधी बोर्ड उलटा करून बघा. बहुतेकदा दुधाची पिशवी निघते.

दुसरी फिन घ्यायची वेळ कधी? बोर्ड दोन्ही बाजूंना वळवता येतो, आडवी पावलं टाकत मध्याच्या पुढे जाता येतं आणि तिथे गेल्यावर शेपूट सुटते, तेव्हा. मग पावणेदहा-दहा इंचाची पिव्हट घ्या. तिसऱ्या फिनची गरज आपल्याकडे थोड्यांनाच पडते. ऑक्टोबरात पावसाळ्याचा जोर ओसरताना कधी कधी लाट जरा उभी मिळते, तेव्हा सात इंच आणि बाजूला दोन छोट्या, ही रचना कामाला येते.

बसवण्याची पद्धत

फिन बसवायला पाच मिनिटं लागतात, पण प्लेट वाळूत पडली तर तास जातो. पहिल्यांदा घरीच करा. ९ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. सोसायटीच्या लिफ्टमध्ये हा बोर्ड उभा जात नाही, जिन्याने न्यावा लागतो आणि वळणावर फिन भिंतीला लागते. म्हणून वर नेताना फिन काढलेली आणि किनाऱ्यावर लावलेली, हे अंगवळणी पडतंच.

१. जमिनीवर सतरंजी, त्यावर दोन उशा, त्यावर बोर्ड उलटा.

२. जुना टूथब्रश आणि गोड पाण्याने खाच साफ करा. ओठांच्या खाली वाळू अडकलेली असते. ती राहिली तर प्लेट सरकत नाही आणि फिन एका बाजूला उचललेली बसते.

३. स्क्रू प्लेटमध्ये दोन-तीन आटे फिरवा. आता स्क्रू हँडलसारखा धरून प्लेट खाचेच्या रुंद तोंडातून आत सोडा आणि पुढे, नाकाच्या दिशेने, अंदाजे जागेवर ढकला. स्क्रू काढून घ्या. प्लेट आत राहिली.

४. फिनच्या बुडाला मागे पितळेची आडवी पिन असते आणि पुढे स्क्रूचं भोक. पिन रुंद तोंडातून आत घालून फिन मागे, शेपटीकडे सरकवा. झुकलेलं टोक शेपटीकडे, हे इथेच तपासा. उलटी लावलेली फिन क्वचित दिसते, पण दिसते.

५. फिनचा पुढचा भाग खाली दाबा. भोकातून प्लेट दिसली पाहिजे. थोडी इकडेतिकडे असेल तर स्क्रूच्या टोकाने हलवून भोकाखाली आणा.

६. स्क्रू बोटांनी फिरवा, पूर्ण बसेपर्यंत. मग पेचकसाने पाव फेरा. बस्स. जास्त आवळला तर प्लेट वर खेचली जाते आणि बॉक्सचे ओठ फुटतात. स्क्रू फार लांब असेल तर तो बॉक्सच्या तळाला टेकून तळ फोडतो आणि फोममध्ये पाणी जातं.

७. टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. फिनबरोबर अख्खा बोर्ड हलला पाहिजे. फिन एकटी हलली तर खाली ‘फिट आणि स्क्रू’ वाचा.

मधल्या फिनचं बूड आखूड असेल तर एक अडचण येते: हव्या त्या जागी नेमकी प्लेट रुंद तोंडाखाली येते आणि तिथे तिला धरायला ओठच नसतो. मग पाऊण इंच मागे-पुढे व्हावंच लागतं. अंगठ्याने फिरवता येणारा, पेचकस न लागणारा स्क्रूही मिळतो. फिन सरकवत प्रयोग करायचे दिवस असतील तोवर तोच वापरा.

सरकवणे

बॉक्स साडेदहा इंच, फिनचं बूड साधारण सात इंच. म्हणजे हलवायला सुमारे तीन इंच मिळतात. तेवढ्यात बोर्डचा स्वभाव पूर्ण बदलतो.

कारण साधं आहे. बोर्ड फिनभोवती फिरतो. फिन पुढे आली की ती तुमच्या पायांच्या जवळ येते, मागच्या पायाने कमी जोर लावून बोर्ड फिरतो, पण शेपूट कमी घट्ट. फिन मागे गेली की शेपूट नांगरासारखी धरली जाते, बोर्ड सरळ आणि शांत धावतो, वळायला मात्र मागचा पाय अगदी शेपटीवर न्यावा लागतो.

सुरुवात मध्यावरून करायची. खाचेच्या बाजूला, बोर्डच्या तळावर, मास्किंग टेपची पट्टी लावा आणि तिच्यावर पाव पाव इंचाच्या खुणा करा. खूण जुळवायची ती फिनच्या बुडाच्या मागच्या टोकाशी, पुढच्या नव्हे, कारण फिन बदलली तर पुढचं टोक बदलतं. शेपटीच्या टोकापासून या जागेपर्यंतचं अंतर मापपट्टीने मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. टेप दोन-तीन खेपांत पाण्याने निघते, आकडा राहतो.

एका जागेवर निदान सहा-सात लाटा घ्या. दोन लाटांवरून मत बनवू नका. एक लाट मऊ येते, एक उभी, आणि दोष फिनच्या माथी जातो. मग किनाऱ्यावर येऊन पाव इंच हलवा, जास्तीत जास्त अर्धा. एका वेळी एकच बदल. फिनही बदलली आणि जागाही बदलली, तर काय कशामुळे झालं ते कळत नाही. शक्यतो मतलई वारा असेपर्यंतच हे उरका. खडबडीत पाण्यात पाव इंचाचा फरक जाणवतच नाही.

कोणत्या लक्षणाला काय करायचं:

बोर्ड वळत नाही, वळवायला खांदे फिरवावे लागतात: पाव इंच पुढे. पूर्ण पुढे नेऊनही फरक नाही तर फिन मोठी आहे किंवा तुम्ही शेपटीपासून फार पुढे उभे आहात. दुसरी शक्यता जास्त. मागचा पाय फिनच्या वर येतो का, हे सोबतच्या कुणाला किनाऱ्यावरून बघायला सांगा.

पुढे पावलं टाकताना शेपूट बाजूला सटकते: अर्धा इंच मागे. तरीही सटकली तर उंची वाढवायची वेळ.

लाटेवर सरळ धावताना बोर्ड डावी-उजवीकडे सळसळतो, सापासारखा: फिन फार पुढे आहे, मागे घ्या. आधी स्क्रू तपासा, कारण सैल फिनही हेच करते.

वळण सुरू होतं, मध्येच सुटतं आणि बोर्ड आडवा होतो: उंची कमी पडते किंवा टोक फार लवतं. सरकवून हे पूर्ण सुटत नाही.

लाट पकडताना नाक पाण्यात घुसतं: याचा फिनशी संबंध नाही. तुम्ही पुढे झोपता आहात.

वजनदार माणसाला फिन मागे लागेल असा समज आहे. तसं नेहमी होत नाही. वजनदार माणूस शेपटीवर जोर चांगला देतो, त्याला मध्याची जागाही पुरते. हलक्या माणसाला तीच फिन पाव-अर्धा इंच पुढे घ्यावी लागते, नाहीतर ती त्याच्या वजनाला दाद देत नाही.

बाजूच्या दोन

बाजूच्या फिनची जागा पक्की, हलते ती मधली. सुरुवातीला मधल्या फिनची पुढची कड बाजूच्या फिनच्या मागच्या कडांच्या रेषेत ठेवा. तिथून मधली मागे गेली की बोर्ड सलग, लांब वळतो. पुढे, बाजूच्या दोघींमध्ये शिरली की पटकन फिरतो आणि सैल होतो. लावताना सपाट बाजू आत, एकमेकींकडे. फुगीर बाजू बाहेर. डावी-उजवी उलट झाली तर बोर्ड वळताना ओढल्यासारखा वाटतो आणि कारण सापडत नाही. किनाऱ्यावर घाईत हे होतं, म्हणून घरीच फिनच्या बुडावर मार्करने डा आणि उ लिहून ठेवा.

लाट गुडघ्याएवढी असेल तर बाजूच्या काढाच. त्या पाणी ओढतात, आणि छोट्या लाटेकडे मुळात ओढायला काही नसतं.

फिट आणि स्क्रू

फिन खाचेत जातच नसेल तर हातोडी घेऊ नका. बुडाच्या दोन्ही बाजूंना १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडावर गुंडाळून सारखा घासा, दर दहा हातांनी लावून बघा. एकाच बाजूला घासलं तर फिन तिरकी बसते. सैल असेल तर बुडाच्या बाजूला इलेक्ट्रिकल टेपची एक पट्टी. कायमचा उपाय हवा तर इपॉक्सी रेझिनचा पातळ थर लावून, सुकल्यावर घासून बेताचा करा.

स्क्रूचं दुखणं आपल्या हवेत ठरलेलं. यूएस बॉक्सचा स्क्रू आणि प्लेट ८-३२ या इंची आट्यांच्या असतात. जांभळी नाक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘साधारण हाच’ म्हणून मिळेल तो एम-४. दिसायला सारखा, पण एम-४ चा व्यास ४ मिलिमीटर, ८-३२ चा सुमारे ४.१७, आणि आटेही वेगळे. तो दोन फेरे फिरतो, मग अडकतो किंवा आटे खातो, आणि पाण्यात कधीतरी फिन तळाला जाते. एक तर जोडी सर्फच्या दुकानातूनच मागवा, दोन जास्तीच्या. नाहीतर वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये जुनी प्लेट नमुन्याला देऊन तेवढ्याच मापाची स्टेनलेसची पट्टी कापून तिला एम-४ चे आटे पाडून घ्या. मग दुकानातला स्टेनलेस एम-४ बिनधास्त चालतो. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. चुंबकाला घट्ट चिकटणारा स्क्रू नको, तो एका मोसमात गंजून प्लेटमध्ये वितळल्यासारखा बसतो.

असा बसलेला स्क्रू निघत नसेल तर आधी गरम पाणी ओता, मग गंज सोडवणारं तेल दोन थेंब, अर्धा तास थांबा. पेचकस खाचेत पूर्ण बसेल असाच घ्या.

गुणगुणणारी फिन: वेग आला की बोर्डखालून भुंग्यासारखा आवाज येतो आणि पायाला कंप जाणवतो. मागच्या कडेला टवका किंवा कड जाड असल्यामुळे पाणी तिथून फडफडत सुटतं. २२० चा पेपर, मग ४०० चा वॉटर पेपर, पाण्यात भिजवून, दोन्ही बाजूंनी सारखे हात. टवका मोठा असेल तर आधी रेझिनने भरा.

बॉक्सच्या कडेला केसाएवढी भेग दिसली तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नका. बोटाने दाबून बघा. पाणी बाहेर आलं तर बोर्ड आत ओला आहे, शेपूट खाली करून दोन-तीन दिवस सावलीत सुकवा. एम-सील तिथे लावू नका. लाटेच्या हिसक्याने ते कडेपासून सुटतं आणि खालची भेग झाकून ठेवतं. काचकापड आणि रेझिनच हवं. बोर्ड कशाचा ते माहीत नसेल तर इपॉक्सी वापरा, ते पॉलियुरेथेन आणि थर्माकोलच्या जातीच्या, दोन्ही फोमवर चालतं. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलच्या जातीच्या फोमवर पडलं तर फोम विरघळतो, भोक बोटाएवढं होतं ते मुठीएवढं व्हायला वेळ लागत नाही.

उथळ पाणी आणि धार

साडेनऊ इंचाची फिन म्हणजे टाचेपासून जवळजवळ अर्ध्या पोटरीपर्यंत. सपाट किनाऱ्यावर लाट शेवटपर्यंत नेण्याचा मोह होतो आणि फिन वाळूत रुतते. फिन सहसा वाचते. बोर्ड पुढे जातो आणि बॉक्स मुळासकट उपटतो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं की उतरा. उतरताना पायावर उडी नको, अंग पसरून पाण्यावर पडा, डोकं हातांनी झाका. किनाऱ्याकडे चालताना बोर्ड उलटा करून, फिन आकाशाकडे ठेवून ओढा. बोर्ड कधीही लाट आणि तुमचं अंग यांच्या मध्ये ठेवू नका, बाजूला ठेवा.

नवी फायबरग्लास फिन चाकूसारखी असते. मागची कड आणि टोक २२० च्या पेपरने जरासं बोथट करा, अर्धा मिलिमीटर गोलाई पुरते. वेगात फरक जाणवत नाही, मांडीत मात्र जाणवतो. लीश, म्हणजे बोर्ड पायाशी बांधणारा पट्टा, बोर्डच्या लांबीएवढी, ९ फुटी, आणि तिची दोरी प्लगमध्ये इतकी आखूड बांधा की ती बोर्डची कड ओलांडून बाहेर लोंबणार नाही. लांब दोरी कडेवर ताण पडला की फायबर कापते.

पालघर-वसईच्या पट्ट्यात डोलजाळ्यांचे खुंट आणि दोर पाण्यात असतात, ओहोटीत काही दिसतात, भरतीत दिसत नाहीत. जागा नवी असेल तर पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारा, खुंट कुठे ते अचूक सांगतात. फिन दोरात अडकली तर लीश ताणत बसू नका, बोर्डवरून उतरा आणि फिन मागे, शेपटीच्या दिशेने ढकलून सोडवा.

गाडीच्या टपावर बोर्ड नेताना फिन काढलेली बरी. घोडबंदरच्या खड्ड्यांत पट्टा सैल होतो आणि फिनचा टोला मागच्या काचेला बसतो. काढलेली प्लास्टिकची फिन डॅशबोर्डवर ठेवू नका. मे महिन्यात दोन तासांत वाकते आणि मग कितीही घासली तरी सरळ होत नाही.

प्रत्येक वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्याने बॉक्स धुवायचा. महिन्यातून एकदा स्क्रू पूर्ण काढून प्लेट बाहेर काढायची, पुसायची. पावसाळ्यात बोर्ड बंद राहणार तेव्हा फिन, स्क्रू, प्लेट तिन्ही काढून एका डबीत, आत तांदळाची छोटी पुरचुंडी, आणि डबीवर मार्करने शेवटच्या जागेचा आकडा. ऑक्टोबरात पहिली लाट तिथूनच घ्यायची.